शाळा उघडली, ताप आला: पाठवायचे की घरी ठेवायचे?

पावसाळा आणि शाळा आपल्याकडे साधारण एकाच सुमारास सुरू होतात. सुट्टीत गावी, आजोळी पांगलेली मुले जूनच्या मध्यावर पुन्हा एका खोलीत येतात, पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात, मैदानावरचा तास वर्गातच होतो, आणि जुलै उजाडेपर्यंत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांबाहेरचे बाक भरून जातात. या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत याच आजारांविषयी विचारणा आहे, त्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

माझा मुलगा पहिलीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून दर दोन-तीन आठवड्यांनी त्याला सर्दी-ताप होतो. मागच्या आठवड्यात रात्री १०१ ताप होता, पहाटे औषध दिल्यावर अंग थंड झाले, म्हणून शाळेत पाठवले, पण अकरा वाजता शाळेतून फोन आला. आम्ही दोघेही महापे येथे नोकरी करतो आणि प्रत्येक वेळी रजा मिळत नाही. किती दिवस घरी ठेवणे आवश्यक आहे? आणि त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?
*– एक आई, कोपरखैरणे*

आपण वर्णन केलेला प्रसंग ठाणे-नवी मुंबईतील शेकडो घरांत पावसाळाभर घडतो, त्यामुळे त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. पॅरासिटामॉल ताप उतरवते. ज्या विषाणूमुळे ताप आला त्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. तिचा अंमल चार ते सहा तास टिकतो. म्हणजे पहाटे सहाला दिलेले औषध मधल्या सुट्टीच्या सुमारास उतरते आणि अकरा वाजता शाळेतून फोन येतो. दरम्यान व्हॅनमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली मुले, बाकावरचा शेजारी आणि पाण्याच्या नळापाशी रांगेत उभी असलेली मुले या सर्वांपर्यंत तो विषाणू पोहोचलेला असतो.

यासाठी पाळावयाचा नियम सोपा आहे: कोणतेही तापाचे औषध न देता सलग २४ तास ताप आला नाही, मूल नेहमीसारखे खाऊ-खेळू लागले, तरच शाळेत पाठवावे. उलटी किंवा जुलाब झाले असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर किमान एक पूर्ण दिवस, शक्य असल्यास दोन दिवस, घरी ठेवावे. मात्र नुसते नाक वाहत आहे, किंवा ताप जाऊन आठवडा झाला तरी थोडा खोकला रेंगाळला आहे, एवढ्यासाठी मुलाला घरी बसवण्याची गरज नसते. तसे केले तर पावसाळ्यात काही मुले शाळेत जाणारच नाहीत.

हा नियम परिपूर्ण नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्लू झालेले मूल ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू लागते आणि लहान मुलांत हा काळ आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक, लांबू शकतो. आजार दिसतो कधी आणि पसरतो कधी, यांची वेळापत्रके जुळत नाहीत, आणि खाली दिलेल्या बहुतेक प्रश्नांची गोम याच ठिकाणी आहे. तरीही तापाच्या दिवसांत विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते, शिवाय त्या दिवसांत मूल स्वतः गळून गेलेले असते. म्हणून तेवढे दिवस घरी ठेवल्याने वर्गाचेही बरेच रक्षण होते आणि मुलालाही आराम मिळतो.

प्रतिकारशक्तीविषयी: शाळेच्या पहिल्या एक-दोन वर्षांत वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे निरोगी मुलांतही सर्रास आढळते. प्रत्येक सर्दी दहा-बारा दिवस चालते असे धरले, तर मूल 'सतत आजारी' वाटणे स्वाभाविक आहे. वजन नीट वाढत असेल आणि दोन आजारांच्या मधल्या दिवसांत मूल ठणठणीत असेल, तर काळजीचे कारण नाही, आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या बाटल्यांचीही गरज नाही. वारंवार न्यूमोनिया होणे, कान सतत फुटणे, वजन घटणे, दरवेळी रुग्णालयात दाखल करावे लागणे, ही लक्षणे असतील तर मात्र तपासण्या कराव्या लागतात. ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, श्वास जोरात चालू लागला किंवा बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडून राहिले, तर दिवस न मोजता त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

रजेची अडचण खरी आहे आणि तिच्यावर वैद्यकशास्त्राकडे औषध नाही. त्याच व्हॅनमधल्या किंवा इमारतीमधल्या दोन-तीन कुटुंबांनी आधीच आपसात ठरवून ठेवले, की कोणाचे मूल आजारी पडले तर घरी असलेले कोणाचे आजी-आजोबा किंवा कोणती मावशी त्याच्यासोबत थांबेल, तर पहाटेची ओढाताण बरीच कमी होते. शाळांनाही एक विनंती आहे: लहान वर्गांत शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देणे थांबवावे. ते प्रशस्तिपत्रक भिंतीवर लावण्यासाठी मुले ताप घेऊन वर्गात बसतात आणि पालकही त्यांना बसवतात.

घोडबंदर रस्त्यावर आमच्या संकुलातील चार मुलांना कांजिण्या झाल्या आहेत. त्यांतला एक मुलगा माझ्या दुसरीतल्या नातीच्या बाकावर बसतो. नातीला दीड वर्षाची असताना कांजिण्यांची एक लस दिल्याचे कार्डावर दिसते. सुनेला पाचवा महिना सुरू आहे. नातीला शाळेत पाठवावे का? कांजिण्या आल्याच तर आंघोळ घालू नये, औषध देऊ नये, असे आम्ही ऐकत आलो आहोत.
*– एक आजी, ठाणे (पश्चिम)*

आजी, आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट नातीची नसून सूनबाईंची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. सूनबाईंना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील किंवा लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या असतील तर चिंता नाही. तसे खात्रीने सांगता येत नसेल तर त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आजच कळवावे. रक्ताच्या साध्या तपासणीवरून प्रतिपिंडे, म्हणजे या आजाराशी लढणारी रक्तातील प्रथिने, आहेत की नाहीत हे समजते. ती नसतील आणि घरात कांजिण्या आल्या, तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, विशेष इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, देण्याचा विचार करावा लागतो. गरोदरपणात कांजिण्यांची लस देता येत नाही. नातीला मात्र ती देण्यात आईच्या गरोदरपणाचा अडथळा नाही.

नातीची एकच मात्रा झाली आहे, दुसरी राहिली आहे. ती आता लगेच घ्यावी. आजारी मुलाच्या संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. सरकारी मोफत लसीकरणात कांजिण्यांच्या लसीचा समावेश नसल्यामुळे अनेक कुटुंबांत एक मात्रा होते आणि दुसरी विसरली जाते; दोन मात्रांमुळे मिळणारे संरक्षण एकीपेक्षा पुष्कळ चांगले असते. लस घेऊनही कांजिण्या आल्या, तर फोड बहुधा मोजके असतात. पण अशा मुलापासूनही इतरांना लागण होते, आणि पाच-दहा फोड 'डास चावले असतील' म्हणून सोडून दिले जातात.

सध्या नातीला काही लक्षण नसेल तर शाळा बंद करण्याची गरज नाही. संपर्कापासून १० ते २१ दिवसांत कांजिण्या उमटतात, आणि त्या उमटण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल लागण देऊ लागते. बाकावरच्या मुलाच्या अंगावर फोड दिसले त्या दिवशी त्याला घरी पाठवले गेले असेल, पण तोवर व्हायची ती लागण होऊन गेलेली असते. त्यामुळे हे तीन आठवडे नातीची पाठ, पोट आणि केसांखालची त्वचा रोज संध्याकाळी पाहावी. पहिले फोड बहुधा तिथेच सापडतात. फोड आले तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, घरी ठेवावे. खपल्या गळून पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण वाळलेल्या खपलीतून आजार पसरत नाही.

आंघोळ अवश्य घालावी. कोमट पाण्याने हलकी आंघोळ आणि टिपून कोरडे करणे यामुळे खाज कमी होते आणि फोडांत पू होण्याची शक्यता घटते. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत कोणाचे नुकसान करत नाही. त्याने मनाला बरे वाटत असेल तर ठेवावा, औषध म्हणून त्यावर विसंबू नये. नखे मात्र बारीक कापावीत. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन कधीही देऊ नये, कारण कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांत त्यामुळे यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो; आयब्युप्रोफेनही टाळावे. जाता जाता एक गोष्ट: घरातील ज्येष्ठांना नागीण झाली असेल तर तिच्या फोडांतील पाण्यातूनही मुलांना कांजिण्या होऊ शकतात, त्यामुळे ती जागा झाकून ठेवावी.

आमच्या वर्गात पन्नासहून अधिक विद्यार्थी आहेत. हात धुण्याच्या जागी साबण टिकत नाही, मुले एकमेकांच्या बाटलीतून पाणी पितात, आणि आजारी मुलाला न्यायला पालक दुपारपर्यंत येऊ शकत नाहीत. खर्चाची तरतूद नाही. शिक्षकांनी काय करावे?
*– एक शिक्षिका, कळवा*

बाई, आपण बिनखर्चाचे उपाय विचारले आहेत, आणि सुदैवाने सर्वांत उपयोगी उपाय तेच आहेत. पहिला म्हणजे खिडक्या. श्वासावाटे पसरणारे आजार बंद खोलीत वेगाने फैलावतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहू शकतो. पावसाची झड ज्या बाजूने येते तेवढ्याच खिडक्या लावाव्यात, समोरच्या बाजूच्या आणि दाराच्या वरच्या झडपा उघड्या ठेवाव्यात, आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात.

साबणासाठी लसूण किंवा कांदे ज्या नायलॉनच्या जाळीतून येतात ती घ्यावी, तिच्यात साबणाची वडी घालून जाळी नळाच्या तोटीला सुतळीने बांधावी. वडी गटारात पडत नाही, खिशातून घरी जात नाही, आणि जाळीवरच हात घासल्यामुळे फेस लवकर येतो. प्रत्येक पालकाने वर्षातून एक वडी दिली तरी वर्गाचे भागते. सॅनिटायझरच्या बाटलीपेक्षा ही जाळी अधिक कामाची आहे, कारण जुलाब-उलट्यांचे काही विषाणू आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे विषाणू सॅनिटायझरला फारसे दाद देत नाहीत, पण साबणाने वीस सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की निघून जातात. डब्याआधी आणि शौचानंतर, या दोन वेळा तरी चुकू देऊ नयेत.

बाटली तोंडाला न लावता वरून पाणी पिण्याची सवय आपल्या घरांत पूर्वापार आहे. तिची आठवण मुलांना करून द्यावी. डबा वाटून खाण्यावर मात्र बंदी घालू नये असे माझे मत आहे. पोळी-भाजीचा घास हात धुऊन आपापल्या झाकणात वाढून घेतला तर पुरे. मुलांनी एकमेकांपासून फटकून राहायला शिकावे, असे कोणालाच वाटणार नाही.

वर्गात ताप भरलेल्या मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर हवेशीर जागी, एखाद्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर बसवावे; ती जागा आजच ठरवून ठेवावी. हजेरीपटावर गैरहजेरीपुढे कारण लिहिण्याची सवय लावली तर फार उपयोग होतो. एकाच आठवड्यात एकाच वर्गातील तीन-चार मुले पुरळ, गालाची सूज किंवा जुलाब यांमुळे घरी असतील, तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. पुरळ आणि ताप एकत्र असलेले एक मूल आढळले तरी कळवावे, कारण तो गोवर असू शकतो. २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात बालके दगावली, त्याच सुमारास भिवंडीतही रुग्ण आढळले. लसीपासून वंचित राहिलेली मुले जिथे एकत्र येतात तिथे हा आजार आधी पोहोचतो.

आम्ही यंदा साताऱ्याहून सानपाड्याला आलो. मुलगी पाच वर्षांची आहे. स्थलांतरात लसीचे कार्ड हरवले. सर्व लसी पहिल्यापासून द्याव्या लागतील का?
*– एक वडील, सानपाडा*

राहिलेली मात्रा पुढे सुरू करायची असते. मधे कितीही काळ गेला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गावच्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत मुलीची नोंद बहुधा सापडेल, तेवढा एक फोन आधी करावा. नोंद मिळालीच नाही तर डॉक्टर ती लस झाली नाही असे समजून देतात, आणि एखादी मात्रा जास्त झाल्याने सहसा अपाय होत नाही.

या वयात तीन गोष्टी पाहाव्यात. गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा झालेल्या असाव्यात. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची पाच ते सहा वर्षांची वर्धक मात्रा आता द्यायची आहे; ती बरीच कुटुंबे विसरतात, कारण दीड वर्षानंतर 'लसी संपल्या' असा समज असतो. पुढे १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची मात्रा असते. या सर्व लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. गालगुंडाचा समावेश सरकारी लसीत नाही, तो खासगी दवाखान्यात मिळणाऱ्या एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीत आहे, आणि शाळेत गालगुंडाची साथ पुन्हा पुन्हा येण्याचे ते एक कारण आहे.

टायफॉइडविषयी नवी मुंबईकरांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी टायफॉइडच्या नव्या संयुग्मित (जिवाणूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेल्या) लसीची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत ही लस देण्याचा जगातील तो पहिला कार्यक्रम होता, आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. आपली मुलगी त्यानंतर आली असल्याने तिला ही लस मिळाली आहे का ते पाहून, नसल्यास बालरोगतज्ज्ञांकडून घ्यावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. ती पावसाळा सुरू होण्याआधी घेतली तर उत्तम, कारण मुंबई परिसरात फ्लूचा जोर पावसाळ्यातच वाढतो. नऊ वर्षांखालील मुलाला ती प्रथमच देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात.

मुलाला हात-पाय-तोंडाचा आजार झाला होता. ताप जाऊन चार दिवस झाले, फोड सुकले, पण बालवाडी 'पूर्ण बरा झाल्याचा' दाखला मागते आणि सोसायटीत त्याला खेळायला घेत नाहीत. आता त्याची दोन नखेही निघू लागली आहेत.
*– एक पालक, नेरूळ*

ताप नाही, लाळ गळणे थांबले, नवे फोड येत नाहीत आणि जुने सुकले, तर मूल शाळेत जाऊ शकते. विषाणू शौचावाटे त्यानंतरही कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो; तो पूर्ण संपेपर्यंत थांबायचे तर दोन महिने शाळा बुडेल आणि त्याने काही साधणारही नाही, कारण लक्षणे न दिसणारी इतर मुलेही तो पसरवत असतात. त्यामुळे दाखला मागण्यापेक्षा बालवाडीने शी-शू नंतर मुलांचे आणि मदतनीस ताईंचे हात साबणाने धुतले जातात की नाही हे पाहिलेले बरे. नखे निघणे हा या आजाराचाच उशिरा दिसणारा परिणाम आहे. दुखत नाही, संसर्गजन्य नाही, नवे नख आपोआप येते.

डोळे आलेल्या मुलाकडे पाहिल्याने डोळे येतात का? काळा चष्मा लावून मुलाला शाळेत पाठवू का?
*– एक वाचक, ऐरोली*

पाहिल्याने येत नाहीत. हात, रुमाल, टॉवेल आणि उशीचा अभ्रा यांमधून येतात. चष्म्याने प्रकाशाचा त्रास कमी होतो, संसर्ग थांबत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीतून सुरू झालेली साथ राज्यभर पसरली तेव्हाही कारण बहुतांशी विषाणूच होता, आणि अशा वेळी प्रतिजैविकांच्या थेंबांचा उपयोग नसतो. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर डोळ्याला इजा करू शकतात. पाणी आणि चिकटपणा थांबेपर्यंत घरी ठेवावे.

नातवाच्या वर्गमित्राला डेंग्यू झाला आहे. नातवाला त्याच्यापासून दूर ठेवावे का?
*– एक आजोबा, वर्तकनगर*

डेंग्यू एका मुलापासून दुसऱ्याला थेट लागत नाही. मधे एडिस डास लागतो. हा डास दिवसा, म्हणजे नेमका शाळेच्या वेळात चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. त्यामुळे मित्राला टाळण्याऐवजी शाळेच्या गच्चीवरील टाकीचे झाकण, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि आवारात पडलेले टायर तपासून घेण्याचा आग्रह धरावा, नातवाला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायमोजे घालावेत. मित्राला ताप असेपर्यंत त्याने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे, म्हणजे त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावणार नाही.

नातवालाच ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक देऊ नये. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. ताप उतरल्यानंतरचे पहिले ४८ तास मुलाला घरीच, डोळ्यांसमोर ठेवावे आणि शाळेचा विचार त्यानंतर करावा.